पाहुण्याचा प्रश्न

मुलांच्या संस्थेत पाहुणे आले की मुलं ओळीने बसतात. स्वागतगीत होतं. पाहुणे विचारतात, मोठेपणी कोण होणार? उत्तरं तयार असतात. पोलीस, डॉक्टर, टीचर. टाळ्या होतात. मग पाहुण्यांची नजर एखाद्या अबोल मुलावर जाते आणि ते शेजारच्या ताईंना हळूच विचारतात, “याचं काय झालं होतं?”

हा प्रश्न मी चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्यात कळवळा असतो, थोडी उत्सुकताही असते, आणि विचारणाऱ्यालाही ती दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. एका संस्थेत ताईंनी दिलेलं उत्तर लक्षात राहिलं. “तो आता चौथीत आहे,” त्या म्हणाल्या. आणि चहा घेणार का, असं विचारलं.

पाहुण्याचीही अडचण समजू शकते. इतक्या लांबून यायचं आणि पाहायचं काय? मुंबईत कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत ‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ साली रात्रीचं केंद्र सुरू केलं. आईची धंद्याची वेळ हीच मुलांची जेवणाची आणि झोपेची वेळ. ती वेळ मुलांनी कुठे काढायची? त्याच खोलीत, नाहीतर गल्लीत. केंद्राने केलं ते एवढंच की संध्याकाळी मुलांना बोलावून घेतलं, जेवू घातलं, अभ्यास घेतला, झोपवलं आणि सकाळी परत पाठवलं. पाहायला गेलं तर यात पाहण्यासारखं काही नाही. झोपलेली मुलं सगळीकडे सारखीच दिसतात. संरक्षणाचं हे असंच असतं. जे घडलं नाही, ते दाखवणार कसं? अहवालात त्यासाठी रकाना नसतो.

म्हणून मग घडलेलं दाखवा, असा आग्रह होतो.

पण मुलं घडलेलं सांगतात कुठे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो झाला होता. लैंगिक अत्याचाराचा एखादा तरी प्रकार वाट्याला आल्याचं निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितलं. त्रास देणाऱ्यांत ओळखीचे, विश्वासातले लोक पुष्कळ होते. आणि बहुतेक मुलं तोवर कोणाकडे काही बोलली नव्हती. ओळखीच्या माणसाने तोंड बंद केलेलं असताना अनोळखी पाहुण्यापुढे ते कसं उघडणार?

ताई सांगत होत्या, समोर बसवून विचारलं की कोणीच बोलत नाही. वेणी घालताना बोलतात. पाठ आपल्याकडे असते, चेहरा दिसत नसतो. मधेच एखादी म्हणते, “ताई, आज मी इथेच राहू?” अशा वेळी दचकायचं नाही. “हात थांबवायचा नाही,” त्या म्हणाल्या. “हात थांबला की बोलणं थांबतं.” पेडावर पेड घालत राहायचं. मुलगी म्हणते, कोणाला सांगू नका. ते वचन मात्र द्यायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे, आणि तसंही, पाळता न येणारं वचन तिला आधीच कोणीतरी दिलेलं असतं.

हाच कायदा इतरांनाही आवरतं घ्यायला सांगतो. मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घ्यावा. साक्षीसाठी त्याला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नये. वकिलाचे प्रश्नही न्यायाधीशामार्फतच जावेत. न्यायालयाला सुद्धा ज्या प्रश्नासाठी एवढा संकोच, तो प्रश्न हातात खाऊचा पुडा आहे म्हणून आपल्याला विचारता येतो का?

न विचारणं हीसुद्धा एक मदत आहे. फोटो न काढणं ही तर मोठीच. तिथे जाऊ नये, असं मला म्हणायचं नाही. जावं. मुलं कॅरम खेळत असली तर एखादा डाव हरावा. आणि विचारायचंच असेल तर ताईंना विचारावं, त्यांच्याबद्दल. मानधन वेळेवर होतं का? इथलं सगळं ऐकून घरी गेल्यावर झोप लागते का? तुम्ही आजारी पडलात तर मुलांपाशी कोण असतं?

शेवटचा प्रश्न मी एकदा विचारला होता. ताई हसल्या. जागा कधीची मंजूर आहे, म्हणाल्या, पण एवढ्या पैशात रात्रपाळीला माणूस मिळत नाही. मग पुढचा अर्धा तास त्याच बोलत होत्या.