अँगोला नावाचे शेत

कागद खोटे बोलत नाही म्हणतात. पण तो सगळे बोलतो का? 1621 साली व्हर्जिनियात ‘अंतोनियो’ एवढ्याच नावाने आणलेला आफ्रिकी माणूस पुढे अँथनी जॉन्सन झाला. 1651 मध्ये त्याला 250 एकर जमीन मिळाली. 1655 साली त्याने जॉन कॅसॉर या काळ्या माणसावर कोर्टात मालकी सांगितली आणि जिंकली. 1670 मध्ये तो वारला. ज्यूरीने ठरवले, काळा म्हणजे परका, त्याची व्हर्जिनियातली जमीन राजाची. 1677 साली नातवाने मेरीलँडमध्ये 44 एकर घेतले, नाव ठेवले ‘अँगोला’.

अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. आणि त्याने अन्याय केला, म्हणून त्याच्यावरचा अन्याय न्याय ठरत नाही. जॉन्सनचा नातू दप्तरात सापडतो. कॅसॉरचा कुठे शोधायचा?