कसोटी कोणाची?

१९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. केवळ स्त्री म्हणून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. पुढे दिला तोही वर्षभराच्या कसोटीच्या अटीवर. दूध आणि डाळींतील प्रथिनांवरील त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले व इतर स्त्रियांना वाट मिळाली. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेटही मिळाली.

पण त्या अपयशी ठरल्या असत्या तर? पुरुषाचे अपयश त्याच्या एकट्याचे असते. त्यांचे मात्र समस्त स्त्रीजातीच्या माथी आले असते. असामान्यत्व सिद्ध केल्यावर मिळतो तो सन्मान. न्याय तो, जो सामान्य स्त्रीलाही सामान्य पुरुषाइतकीच चुकण्याची मुभा देतो.