येशू खरोखर होऊन गेला का?



कॉलेजात जाणारी आपली मुले कधी कधी विचारतात, “फादर, येशू खरेच होऊन गेला, की ती नुसती कथा आहे?” आईवडिलांनी अशा प्रश्नावर रागावू नये. प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.

बायबल हा ७३ पुस्तकांचा संग्रह आहे. त्यात इतिहास आहे, तसे काव्य, पत्रे आणि दाखलेही आहेत. दयाळू शोमरोनी कोणत्या गावचा, असे आपण विचारत नाही. तो दाखल्यातला माणूस आहे. योनाचे पुस्तक बोधकथा आहे, असे अनेक कॅथलिक अभ्यासक मानतात. त्याने त्यातील सत्य कमी होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सांगितले, की लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला हे पाहून अर्थ लावावा. त्याच वेळी, चारही शुभवर्तमाने ऐतिहासिक आहेत, असेही परिषदेने ठामपणे म्हटले.

मग येशूचे काय? आपल्या जिल्ह्यातील नरसी येथे जन्मलेले म्हणून संत नामदेव ओळखले जातात. त्यांच्या जन्मस्थळाबद्दल आणि चमत्कारकथांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण म्हणून नामदेव झालेच नाहीत, असे कोणी म्हणत नाही. त्यांची पदे दूर पंजाबात, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात जपलेली आहेत.

येशूबद्दलही बाहेरची साक्ष आहे. यहुदी इतिहासकार जोसेफस याने पहिल्या शतकाच्या अखेरीस ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब’ याचा उल्लेख केला. रोमन इतिहासकार टॅसिटस हा ख्रिस्ती लोकांना तुच्छ मानणारा. तरी पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला, असे त्याने लिहून ठेवले. पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियात सापडला.

इतिहास आपल्याला क्रुसापर्यंत नेतो. पुनरुत्थान दगडावरून सिद्ध होत नाही. तेथे साक्षीदारांवर विश्वास ठेवावा लागतो. संत पौलाने सुमारे पंचवीस वर्षांच्या आतच करिंथकरांना साक्षीदारांची नावे कळवली आणि त्यांतील बरेच जण अजून हयात आहेत, असेही लिहिले. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, हेही त्यानेच स्पष्ट सांगितले. कथेतला नायक बोध देऊ शकतो. पण तो आपल्यासाठी मरू शकत नाही.

श्रद्धेचा अंगीकार करताना येशूखेरीज आपण दोनच माणसांची नावे घेतो: मरिया आणि पिलात. एकीने त्याला जन्म दिला, दुसऱ्याने मरणाच्या हवाली केले. देव खरोखर आपल्या इतिहासात आला, हेच ती नावे सांगतात. आज मिस्सामध्ये ती सावकाश उच्चारा आणि घरी मुलांना त्यांचा अर्थ सांगा.

– आपले धर्मगुरू