चोरी सोडलेले हात
(वचनाधार : इफिसकरांस पत्र ४:२८)



पौल प्रेषिताचे पत्र इफिस येथील मंडळीत वाचले गेले, तेव्हा ऐकणाऱ्यांत पूर्वी चोरी करणारे इसमही बसलेले होते, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. त्यांस बाहेर घालवा, असे प्रेषित म्हणत नाही. चोरी थांबवावी, आपल्या हातांनी कष्टाचे काम करावे, आणि त्या कमाईतून गरजवंतास द्यावे, असे तो सांगतो. पहिल्या आज्ञेवर उपदेश पुष्कळ होतात. आम्हीही केले आहेत. तिसरीकडे कोणी वळत नाही. कारण चोर देणारा झाला म्हणजे त्याच्या हातून घेणारा कोणी तरी पाहिजे, आणि तेथे आपण अडतो.

आमच्या कळवणकडे, गिरणेच्या खोऱ्यात व सप्तशृंगगडाच्या आसपासच्या पाड्यांत, मोहाच्या दारूने काय होते हे सांगावयास नको. सन १९२२ च्या सुमारास देवीची आज्ञा म्हणून डांगात व दक्षिण गुजरातेत हजारो आदिवासींनी दारू व ताडी सोडली. ते ख्रिस्ती नव्हते, तरी त्यांचे स्मरण आम्ही आदराने करतो. त्यांतील कित्येक पुढे पुन्हा पेल्याकडे वळले, यावरून त्यांस हसू नये. आपल्या मंडळ्यांतही तसे घडलेच आहे.

आता एक कबुली. सन १८७१ च्या व पुढे १९११ च्या कायद्यांनी सरकारने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. लोक त्या भागास अजून सेटलमेंट म्हणतात. तिचा कारभार काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनने पाहिला. मुक्तिफौजेनेही १९०८ पासून उत्तर हिंदुस्थानात अशा वसाहती चालविल्या. मुलांस शाळा मिळाली, मोठ्यांस काम मिळाले, हे खरे. पण हजेरी होती, आणि परवानगीवाचून बाहेर पडता येत नसे. ज्याच्या शुभवर्तमानात मनुष्य नवा जन्मतो, त्याचेच सेवक मनुष्यास जन्माने चोर मानणाऱ्या कायद्याचे पहारेकरी झाले. हेतू चांगला होता, असे म्हणून आम्ही हे झाकणार नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

आमच्या मंडळीत एक बंधू आहेत. त्यांच्या अनुमतीने लिहितो, नाव मात्र गाळतो. ते पीत असत, आणि पिण्यासाठी रात्री कांद्याच्या चाळीतून पोती उचलीत. प्रभूकडे वळल्यावर त्यांनी आम्हांस विचारले, “पापांची क्षमा झाली, मग मालकाला सांगायलाच हवे का?” आम्ही त्यांस जक्कयाची गोष्ट वाचून दाखविली. प्रभु घरी उतरला तेव्हा त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले; क्षमेचा आनंद झाला म्हणूनच त्याची थैली सुटली. ते बंधू दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेले. त्या गृहस्थांनी आधी शिव्या दिल्या, मग हंगामभर कामावर ठेवले. ते ख्रिस्ती नाहीत.

बाजाराचा दिवस या बंधूंस अजून कठीण जातो. म्हणून मंडळीतील दोघे जण त्यांच्याबरोबर चालत घरी येतात. वाटेत पिकापाण्याच्या गोष्टी करतात, उपदेश करीत नाहीत. आमच्या प्रवचनांपेक्षा या चालण्याचा उपयोग अधिक झाला, असे आमचे मत आहे.

परंतु दानाची पिशवी फिरविण्यासाठी त्यांचे नाव निघाले, तेव्हा एक वडील म्हणाले, “आणखी एक वर्ष पाहू.” आणि आम्ही, त्यांचे पाळक, गप्प बसलो. घरी आल्यावर हेच वचन वाचले, आणि रात्री झोप लागली नाही. पुढील सभेत आम्ही सर्वांसमोर त्या बंधूंची क्षमा मागितली.

येत्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या उपासनेत पिशवी त्यांच्या हाती असेल, असे पंचांनी ठरविले आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी यावे. चहा घेऊ, आणि पौलाचे पत्र पुढे ठेवून बोलू.