कोळसा टाकणाऱ्याचा हिशेब

आठवीच्या वर्गात इंग्रजी अमलाचा धडा चालू होता. नाशिकच्या मुलांना विषय दूरचा वाटू नये म्हणून मी देवळालीचे उदाहरण दिले. मुदत भरलेले गोरे सोल्जर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत राहत. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम चुकला की महिनोन्‌महिने रिकामे बसायचे. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी काहींची डोकी फिरली. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात ते आपल्या देवळालीवरून. मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता. त्यातला 'टॅप' म्हणजे आपल्या उर्दूतला 'तप', म्हणजेच ताप, असे मानतात. मुले हसली.

एक मुलगा मात्र हसला नाही. उभा राहून म्हणाला, "सर, मेरे परदादा इगतपुरी के लोको शेड में थे. फौजी गाड़ी के इंजन में कोयला डालते थे. तो क्या वो गद्दार थे?"

वर्ग गप्प झाला. 'गद्दार' हा शब्द आमच्या मुलांच्या कानांवर जरा लवकरच पडतो. "उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली.

प्रश्न साधा नव्हता. १९३० च्या सुमारापासून मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याचा घाट विजेच्या इंजिनावर चढे आणि इगतपुरीहून पुढे वाफेचे इंजिन लागे. म्हणजे सोल्जरांनी भरलेली मिलिटरी स्पेशल देवळालीला पोहोचायची तर इगतपुरीच्या फायरमनने फावडे उचलायलाच हवे. राज्य इंग्रजांचे, पण फावडे आपल्या माणसाच्या हातात.

जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला की इंग्रजी फौजेत नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे. त्याबद्दल मौलाना मोहम्मद अली, शौकत अली, मौलाना हुसेन अहमद मदनी, डॉ. सैफुद्दीन किचलू वगैरेंना दोन वर्षांची शिक्षा झाली. गुनाहाच्या कामात कोणाला मदत करू नये, ही शिकवण त्यामागे होती. मग सिपाही होणे हराम असेल तर सिपायाची गाडी ओढणे काय? त्याला पाणी पाजणारा भिश्ती? त्याची भाकर शेकणारा बावर्ची? ही साखळी कुठे तोडायची? शरीयत मजबुरीही ओळखते. पण भूक कुठे संपते आणि सोय कुठे सुरू होते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

याच प्रश्नाची दुसरी बाजू जर्मनीत दिसते. १९४५ नंतर तो देश वाटला गेला. बर्लिन शहर रशियाच्या ताब्यातल्या भागात खोल आत होते, पण त्याच्या पश्चिम भागात अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा होत्या. त्यांच्यासाठी खास लष्करी पॅसेंजर गाड्या धावत. सरहद्दीवर रशियन सैनिक कागद तपासत आणि पुढे पूर्व जर्मनीच्या रेल्वेचे इंजिन लागे. परक्या फौजेची गाडी, जर्मन ड्रायव्हर. जून १९४८ ते मे १९४९ रशियाने पश्चिम बर्लिनचा रेल्वेमार्ग आणि रस्ते तोडले, तेव्हा फौजेबरोबर वीसेक लाख सामान्य माणसांचे धान्य आणि कोळसाही अडला. ज्या रुळांवरून लष्कर जाते, त्याच रुळांवरून भाकरही येते. त्या ड्रायव्हरला गद्दार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण पूर्व जर्मनीने आपल्या रेल्वेचे जुने नाव तसेच ठेवले होते : डॉइच राइख्सबान. याच नावाच्या रेल्वेने हिटलरच्या काळात लाखो यहुद्यांना मालडब्यांत कोंबून मृत्युछावण्यांपर्यंत नेले. तिथेही कोणी तिकिटांचा हिशेब केला, कोणी सिग्नल पाडला, कोणी कोळसा टाकला. "मी फक्त गाडी चालवली" हे उत्तर तिथे पुरत नाही.

नाव एक, काम एक, फावडेही तेच. मग फरक कुठे पडला? मला तीन ठिकाणी दिसतो. गाडी कशासाठी चालली आहे हे त्याला माहीत होते का? नाही म्हणण्याची ताकद त्याच्यात किती होती? आणि गाडी पोहोचल्यावर कोणावर काय गुजरणार होते? नियत महत्त्वाची खरीच, पण डोळे मिटून घेतलेल्या माणसाची नियत साफ म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, "बेटा, तेरे परदादा गद्दार नहीं थे. बच्चे पाल रहे थे. लेकिन ये सवाल पूछना मत छोड़ना."

हा सल्ला त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागू आहे. शिक्षकाला शिकवण्याशिवाय इतर सरकारी कामेही असतात. घरोघर जायचे, नावे लिहायची, याद्या करायच्या. बहुतेक याद्या भल्यासाठीच असतात : लस, शिष्यवृत्ती, मतदान. मी मुकाट्याने रकाने भरतो. पण उद्या हातात आलेली यादी कोणाला काही देण्यासाठी नसून कोणाला वगळण्यासाठी असेल तर? तेव्हा माझे पेन म्हणजे त्या परदादांचे फावडेच. त्यांच्यासमोर पोटाचा प्रश्न होता, माझ्याकडे बी.एड.ची पदवी आणि महिन्याचा पगार आहे. म्हणजे माझी मजबुरी त्यांच्याहून कमी आणि हिशेब त्यांच्याहून कडक.

ही यादी कशासाठी, एवढे विचारण्याची हिंमत त्या दिवशी माझ्यात असेल का? वर्गात मुलाला उत्तर देणे त्या मानाने सोपे होते.