काटा आणि मीजान

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर अंगणवाडीत दर महिन्याला मुलांचे वजन होते. आकडा थोडा वर सरकला की आईला आणि सेविकेला हायसे वाटते. तिथून रेल्वेने दोन-तीन तासांवरच्या मुंबईत तोच आकडा खाली यावा म्हणून माणसे पैसे मोजतात. मग सेहत म्हणजे नेमके काय?

आपल्या घरांतही हा काटा आहेच. मुलगी पाहायला आलेली मंडळी तिच्या अंगकाठीवर बोलतात. रमजान संपताच किती किलो उतरले याचा हिशेब होतो. जाड माणसाची थट्टा होते, तर बारीक माणूस निरोगीच असणार असे आपण धरून चालतो. अन्याय दोघांवरही होतो.

काटा खोटे बोलत नाही, पण सारे सांगतही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक यांच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्याकडची कमी वजनाची बाळेही अंगात तुलनेने जास्त चरबी घेऊन जन्मतात. आईच्या पोटातली उपासमार पुढे मधुमेहाच्या रूपाने उभी राहू शकते.

म्हणजे पाड्यावरही प्रश्न निव्वळ किलोचा नाही. नुसत्या भाताने आकडा वाढेल, पण डाळ, भाजी, अंडे कुठून येणार? भातकापणी उरकली की कित्येक कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडतात. तेव्हा मुलाचे वजन घटले तर दोष आईच्या माथी मारणे सोपे असते. राज्य शासनाने २०१५ साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस, ताजे जेवण देणारी योजना सुरू केली. तिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आहे. तिचा रोख योग्य जागी आहे : आधी ताट, मग तराजू.

याचा अर्थ काटा फेकून द्यावा असा नाही. खंगत चाललेले मूल तोच आधी दाखवतो आणि अतिवजनाचेही धोके आहेत. परंतु काटा हा साक्षीदार आहे, काजी नव्हे.

हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद (र.) यांच्या काटकुळ्या पायांना लोक हसले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना सांगितले की, मीजानमध्ये हे पाय उहुद पर्वताहून वजनदार ठरतील. देह ही अमानत आहे, त्याचा आपल्यावर हक्क आहे, ही शिकवणही त्यांचीच. तो हक्क आपण झोप, चालणे, बेताचे खाणे आणि वेळेवर तपासणी यांनी अदा करतो का, हे स्वतःला विचारावे. आणि शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाबद्दल त्यांनी जे बजावले, तेही आठवावे. तलासरीचा पाडा आपल्या शेजारापलीकडे नाही.