ओठांपर्यंत आलेला पेला

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यावरून तापीपलीकडे पाहिलं की जैनाबाद दिसतं. तिथल्या आहुखान्याविषयी, म्हणजे शाही हरणबागेविषयी, येणाऱ्या-जाणाऱ्याला एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं : ताजमहाल बांधून होईपर्यंत मुमताजला इथं ठेवलं होतं. वाक्य अर्धंच खरं आहे. 17 जून 1631 रोजी बुऱ्हाणपुरात ती गेली, जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि सहाएक महिन्यांनी, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, शाहजादा शुजाच्या सोबतीनं तिचं शव आग्र्याकडे निघालं. ताजमहाल उभा राहायला पुढं बरीच वर्षं लागली. पण लोकांना घाई असते ती संगमरवरापर्यंत पोचण्याची. जैनाबाद म्हणजे वाटेतला थांबा.

याच जैनाबादेत प्रेमाची आणखी एक गोष्ट घडली, आणि गंमत म्हणजे तिचा नायक मुमताजचाच मुलगा आहे. आई गेली तेव्हा औरंगजेब बारा वर्षांचा होता. दख्खनचा सुभेदार म्हणून तो दुसऱ्यांदा बुऱ्हाणपुरात आला 1653 मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, मुलाबाळांचा बाप होऊन. हीराबाई त्याला तेव्हाच भेटली असं इतिहासकार जदुनाथ सरकार मानतात. काही जण हा काळ बराच अलीकडे-पलीकडे करतात. ती त्याच्या मावशीच्या घरातली गाणारी दासी. आहुखान्याच्या बागेत फिरताना तिनं शाहजाद्याची भीडभाड न ठेवता आंब्याच्या झाडाकडे उडी मारून फळ तोडलं आणि हा कडक, नेमस्त माणूस भान हरपून बसला. पुढं ती ‘जैनाबादी महल’ म्हणूनच ओळखली गेली.

शाहनवाज खानानं अठराव्या शतकात ‘मआसिर-उल-उमरा’ या चरित्रकोशात जी हकिकत नोंदवली आहे, ती अशी. एके दिवशी हीराबाईनं दारूचा पेला भरून औरंगजेबाच्या हातात दिला आणि पिण्याचा हट्ट धरला. त्यानं विनवण्या केल्या, ती ऐकेना. दारूला न शिवणारा तो माणूस शेवटी हरला, पेला ओठांशी नेला, आणि त्या क्षणी तिनं तो काढून घेऊन स्वतः रिकामा केला. मला तुझं प्रेम पाहायचं होतं, तुझं व्रत मोडायचं नव्हतं, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली.

हकिकत घडल्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेली आहे, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. तरीही मला ती ताजमहालापेक्षा अधिक काही सांगते. हीराबाई जिंकली होती. समोरचा माणूस तिच्यासाठी स्वतःला मोडायला तयार झाला होता, आणि एकदा मोडला असता तर कायमचा तिच्या ताब्यात राहिला असता. स्वतःच्या नजरेतून उतरलेल्या माणसाला ताब्यात ठेवणं फार सोपं असतं. हे हातात आलेलं असताना तिनं ते घेतलं नाही.

प्रेमातली करुणा मी इथं शोधतो. आपण ती सहसा दुःखात शोधतो : तो आजारी पडला, तिनं सेवा केली, ती खचली, त्यानं धीर दिला. तेही असतंच, पण ते शेजारीही करतो, परिचारिकाही करते. प्रेमाचा वेगळा प्रश्न असा की त्यात माणूस आपली किल्ली आपण होऊन दुसऱ्याच्या हाती देतो. कशाला भितो, कशाची लाज वाटते, कुठं दुखतं, हे सगळं एका माणसाला माहीत करून देतो. त्या माहितीची जी ताकद होते, ती वापरायला मिळत असताना न वापरणं, ही मला करुणेची खरी कसोटी वाटते.

अर्थात हीराबाईला देवी करायचं कारण नाही. परीक्षा घेणं हेच मुळात निर्दयपणाचं होतं. पेला काढून घेणं नंतर आलं. पण ही बाई कोण होती, हेही पाहावं लागतं. ‘अहकाम-इ-आलमगिरी’तल्या हकिकतीनुसार तिच्या बदल्यात औरंगजेबाच्या जनानखान्यातली छत्तरबाई मावशीच्या घरी पाठवण्यात आली. म्हणजे एक बाई देऊन दुसरी घेतली. जिला कोणी काही विचारलं नव्हतं, तिला आपली या माणसाच्या मनात जागा काय आहे हे कळायला दुसरा कोणता मार्ग होता? बरोबरीच्या नात्यात माणूस विचारतो. बरोबरी नसली की परीक्षा घेतो.

या करुणेची परतफेड झाली का? हीराबाई तरुणपणीच वारली. औरंगजेब सुरुवातीला फार व्याकुळ झाला, असं सांगतात. पण इटालियन प्रवासी मनुची लिहितो की पुढं तो म्हणत असे, देवानं त्या नाचणारीला लवकर नेलं ही आपल्यावर मोठी कृपाच झाली, कारण तिच्यापायी हातून बरीच पापं घडली होती. मनुचीच्या सगळ्याच गोष्टी पारखून घ्याव्या लागतात. हे मात्र स्वभावाला धरून वाटतं. जिनं त्याला पापापासून वाचवलं, तीच त्याच्या आठवणीत पापाचं कारण होऊन राहिली.

आता मुमताजकडे वळू. शाहजहानच्या प्रेमावर शंका घ्यायला जागा नाही. ती गेल्यावर तो आठवडाभर दरबारात आला नाही, दाढी पांढरी झाली, असं त्याच्या पदरचे इतिहासकार लिहितात. पण त्याच लेखकांनी आणखी एक गोष्ट कौतुकानं नोंदवली आहे : इतर बेगमांशी बादशहाचं नातं नावापुरतं होतं, खरं प्रेम हिच्यावर. पुरावा? अपत्यं. 1612 मध्ये लग्न, 1631 मध्ये मृत्यू, आणि एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं. त्यातली सात मुलं जगली. शेवटचं बाळंतपण मोहिमेच्या मुक्कामी. गौहर आरा जन्मली आणि आई गेली.

सतराव्या शतकातल्या बादशहाला एकविसाव्या शतकाच्या तराजूत घालू नये, हे मान्य. पण प्रेमाचं प्रमाण म्हणून बाईच्या शरीराचा हिशेब मांडण्याची रीत सतराव्या शतकाबरोबर संपली नाही. महाराष्ट्रात हा हिशेब उलटा मांडणारा माणूस निघाला तो तीनशे वर्षांनी. रघुनाथ धोंडो कर्वे नऊ वर्षांचे असताना, 1891 मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. हेच रघुनाथराव पुढं गणिताचे प्राध्यापक झाले आणि 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकी गेली. 1927 पासून ते मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. पत्नी मालतीबाई या सगळ्यात सोबत होत्या. मूल नको हा निर्णय दोघांचा होता. कर्व्यांची भाषा कोरडी, तर्कट म्हणावी अशी. करुणा हा शब्द त्यांना भावनेनं ओथंबलेला वाटला असता आणि त्यांनी तो लगेच खोडला असता. तरीही नवऱ्याचं सुख आणि बायकोचा जीव यांची सांगड तुटू शकते, आणि ती तोडणं नवऱ्याच्या हातात आहे, हे त्यांनी सांगितलं. वियोगात कोणी किती रडलं यावर प्रेम मोजणाऱ्यांनी हा कोरडा माणूस वाचावा.

मुमताज गेली ते साल दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचं. 1630च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघालेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी बुऱ्हाणपूरच्या वाटेवर पडलेल्या प्रेतांचं वर्णन करतो. त्याच दुष्काळात देहूला तुकारामांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. तिच्या मृत्यूची लाज आणि हळहळ तुकोबांनी स्वतःच्या अभंगात सांगितली आहे. मागं राहिली दुसरी बायको, जिजाई ऊर्फ आवली. मराठी मनानं तिच्यावर फार अन्याय केला. कजाग आवली, संताला छळणारी, विठ्ठलाला शिव्या देणारी. दुष्काळ, कर्जं, बुडालेलं दुकान आणि पोरं, यांतून घर रेटणारी बाई गोड कशी बोलेल, हे कीर्तनात सहसा कोणी विचारत नाही. तीच भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन चढते. त्या वाटेवर तिच्या पायात काटा मोडतो आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो, अशी कथा वारकऱ्यांत सांगितली जाते. लोकांनी ही कथा उगाच रचली नसावी. तुकोबांचा मोठेपणा कमी न करता जिजाईची बाजू कोणीतरी घ्यायला हवी होती. नवरा काटा काढायला खाली आला, असं म्हणवेना. म्हणून देवाला पाठवलं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. हीराबाई पेला काढून घेते, जिजाई डोंगर चढते. समजून घेणं, थांबणं, सोडून देणं बाईच्याच वाट्याला का? करुणेचा गौरव म्हणजे सोसण्याचा गौरव तर नव्हे? माझं उत्तर असं की सोसणाऱ्याच्या हातात ताकद नसते, म्हणून त्याच्या न बोलण्याला करुणा म्हणता येत नाही. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याला समजून घे असा सल्ला देणारे नातेवाईक करुणेचा नव्हे, आपल्या सोयीचा विचार करत असतात. अशा वेळी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा कामाचा. घरात त्या-त्या प्रसंगी ज्याचा हात वर आहे, प्रश्न त्याला विचारायचा. तो हात दर वेळी पुरुषाचाच असतो असंही नाही, पण बहुतेक वेळा असतो, आणि म्हणून कर्व्यांचं उदाहरण मला हीराबाईच्या उदाहरणाइतकंच लागतं.

परीक्षा आजही घेतल्या जातातच. फोनचा पासवर्ड दे, मग विश्वास ठेवते. तो मित्र सोड, मग तुझं प्रेम मानतो. आईला नाही म्हणून दाखव. नाही म्हणालीस तर जिवाचं बरंवाईट करून घेईन. यातल्या प्रत्येक मागणीत समोरच्याला स्वतःची एखादी गोष्ट मोडायला लावायची असते, आणि ती मोडली की ते प्रेम सिद्ध झालं असं धरलं जातं. चित्रपटांनी या हट्टाला इतकं लाडावलं आहे की पेला काढून घेण्याचा प्रसंग त्यांत फारसा येतच नाही.

दारूचा पेला प्रत्येक घरात नसतो. त्या जागी बहुतेक वेळा एक वाक्य असतं. बरीच वर्षं एकत्र काढलेल्या प्रत्येक जोडप्याकडे असं एक वाक्य असतं की जे बोललं तर भांडण तिथंच संपेल. ते वाक्य परक्याला सुचणार नाही. एखाद्या रात्री विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीतूनच ते तयार झालेलं असतं : वडिलांनी केलेला अपमान, परीक्षेतलं अपयश, लग्नाआधीचं काही, मूल न होण्याचं कारण. भांडण तापत जातं, दोघांनाही ते वाक्य दिसत असतं, आणि दोघांनाही ठाऊक असतं की दुसऱ्यालाही ते दिसतंय. काही जण ते वापरतात आणि जिंकतात. काही जण ते गिळून पैशांवरून, सासूवरून, ओल्या टॉवेलवरून भांडत राहतात आणि शेवटी हरतात. शेजारी म्हणतात, याला बोलताच येत नाही.